झोपेची साथ: आधी काय आलं, नंतर काय आलं?

१९१६-१७चा हिवाळा. महायुद्ध चालू आहे आणि व्हिएन्नात विचित्र रुग्ण येऊ लागलेत. कुणी घास तोंडात असतानाच झोपतंय. हाक मारली की उत्तर देतं आणि परत झोपतं. कुणाला एकाच्या दोन वस्तू दिसतात. कुणाला झोपच येत नाही. कागदावर कुणाचं निदान मेंदूज्वर, कुणाचं मल्टिपल स्क्लेरोसिस. कॉन्स्टान्टिन फॉन इकॉनोमो या डॉक्टरने एप्रिल १९१७मध्ये हे सगळे एकाच आजारात बसवले आणि त्याला 'एन्सेफलायटिस लेथार्जिका' असं नाव दिलं. मेलेल्यांचे मेंदू तपासून त्याने आणखी एक गोष्ट दाखवली: अतिझोप आणि निद्रानाश यांच्या जखमा हायपोथॅलॅमसच्या वेगवेगळ्या भागांत होत्या. झोपेच्या संशोधनाला मिळालेली ही मोठी देणगी, तीही एका साथीतून.

आता कारणाकडे या. 'स्पॅनिश फ्लूमुळे झाला' हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच. पण तारखा बघा. फ्लूची मोठी लाट १९१८ची, व्हिएन्नातले रुग्ण त्याच्या आधीचे. फ्लूवाल्यांचं उत्तर तयार असतं: सौम्य लाटा आधीही येऊन गेल्या होत्या. मला ते पळवाटीसारखं वाटतं, पण खोडून काढणंही सोपं नाही. त्यात व्याख्याच सैल. लक्षणं इतकी नानाविध की साथीच्या काळात डॉक्टर काहीही या नावाखाली टाकू शकत होते, त्यामुळे जुने आकडे जपून वापरा.

१९२०च्या दशकाच्या शेवटी साथ ओसरली. वाचलेल्यांपैकी अनेकांना मात्र पुढे पार्किन्सनसारखी अवस्था आली. काही जण दशकानुदशकं जवळजवळ पुतळ्यासारखे बसून राहिले. १९६९मध्ये न्यूयॉर्कला ऑलिव्हर सॅक्सने त्यांना एल-डोपा दिलं. माणसं उठली, बोलली. पण बहुतेकांचा तो फायदा टिकला नाही, अंगाला झटके, भ्रम असले त्रास सुरू झाले.

जपून ठेवलेल्या मेंदूंच्या तुकड्यांत फ्लूचा आरएनए शोधला गेला. २००१च्या निबंधाचं उत्तर: सापडला नाही. अर्थात विषाणू काम उरकून आधीच गेला असेल, तर त्या तुकड्यांत तो दिसणारही नाही. २०१२मध्ये तसेच जुने तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर एन्टेरोव्हायरससारखे कण दिसले. 'सारखे' हा शब्द वाचताना सोडू नका.