तुळईला विचारलेले साल

इतिहासाची साधने शिकवताना मी वर्गात विचारतो, ज्या घराचा एकही कागद उरलेला नाही, त्याचे वय कसे काढाल? कोणीतरी हमखास म्हणतो, "सर, लाकडातली वर्तुळं मोजायची." उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच.

वर्तुळे मोजून झाड किती वर्षे वाढले ते कळते. ते कोणत्या साली तोडले हे कळत नाही. त्यासाठी जाड-बारीक वलयांचा क्रम त्याच भागातल्या, साल माहीत असलेल्या लाकडांशी जुळवावा लागतो. अमेरिकेच्या कोरड्या नैर्ऋत्य भागात ए. ई. डग्लस यांनी १९२९ मध्ये हे साधले. तिथे पाऊस हुकला की वलय बारीक. इंग्लंड-वेल्समध्ये ओकला पाण्याची ददात नसते, त्यामुळे वलये बरीचशी सारखीच दिसतात. झाड भराभर वाढले असेल, तर तुळईत ती असतातही मोजकी. मग जुळवणार काय?

स्वान्झी विद्यापीठातील नील लोडर आणि सहकाऱ्यांनी जाडी बाजूला ठेवून पाण्याकडे पाहिले. ऑक्सिजनचा एक अणू हलका, १६ भाराचा; दुसरा जड, १८ चा. पावसाच्या पाण्यातले त्यांचे प्रमाण दर उन्हाळ्यात थोडे वेगळे असते. झाड ते पाणी पिते आणि त्या वर्षीच्या सेल्युलोजमध्ये त्याची खूण राहते. झाड जोमदार असो की रोडावलेले, पाऊस दोघांवर तोच पडतो! म्हणून शेजारच्या झाडांच्या खुणा जुळतात. अर्थात त्यासाठी एकेक वलय वेगळे करून तपासावे लागते. २०१९ मध्ये त्यांनी मध्य इंग्लंडची सुमारे ८०० वर्षांची संदर्भमाला प्रसिद्ध केली. (आपल्या ठाण्याच्या जंगलातील सागवानाचीही समस्थानिके तपासली गेली आहेत, पण ती जुन्या पावसाचा शोध घेण्यासाठी.)

वेल्सच्या सरहद्दीवरील ल्विन केलिन या मध्ययुगीन घराचे साल याच पद्धतीने निघाले: १४२०. मला थबकवते ते हेच साल. ओवेन ग्लिनडूरचे इंग्रज राजाविरुद्धचे बंड १४०० मध्ये पेटले आणि दहा-पंधरा वर्षे हा मुलूख होरपळला. वेल्श लोकांवर जाचक कायदे लादले गेले. ती राख पुरती निवली नसताना ओकच्या भक्कम तुळया घालून घर उभारण्याची ऐपत आणि हिंमत कोणाकडे होती? साल कळले नसते, तर हा प्रश्न विचारताच आला नसता.