थेटरात बेताचा चाललेला पिक्चर घरात हिट कसा होतो? घरबसल्या बघणाऱ्यांच्या मतांची गोष्ट

१३ सप्टेंबर २०२४ ला 'तुंबाड' पुन्हा थेटरात लागला. हा पिक्चर पहिल्यांदा आला होता १२ ऑक्टोबर २०१८ ला. त्याआधी व्हेनिसच्या फेस्टिव्हलमध्ये 'क्रिटिक्स वीक'ची सुरुवात याच पिक्चरने झाली होती. आपल्याकडच्या समीक्षकांनीही कौतुक केलं. पण गल्ला भरला तो बेताचाच. सहा वर्षांनी तोच पिक्चर परत लागला आणि त्याने पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त कमाई केली.

मधल्या सहा वर्षांत झालं काय? तर पिक्चर प्राइम व्हिडिओवर आला आणि लोकांनी तो घरी बघितला. एकाने बघितला, त्याने मित्राला पाठवला, मित्राने रूमवर चौघांना दाखवला. पावसाळा आला की कुणीतरी हस्तरचा मीम टाकणार आणि खाली कुणीतरी विचारणार, हा कुठला पिक्चर? २०२४ ला तिकीट काढणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी तो आधीच मोबाईलवर किंवा टीव्हीवर बघितलेला होता. तरी ते गेले, कारण घरी बघताना त्यांना एक गोष्ट जाणवली होती, की हा पिक्चर आपण चुकीच्या जागी बघतोय.

या पिक्चरशी आपल्या भागाचं नातंही आहे. गोष्ट कोकणातली, दिग्दर्शक राही अनिल बर्वे, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून घेतलेलं आणि कल्पनेचं बीज नारायण धारपांच्या भयकथेतलं. पण पडद्यावर दिसणारा वाडा आहे सासवडचा, सरदार पुरंदऱ्यांचा. शिरवळहून निघालं की कापूरहोळला उजवीकडे वळायचं आणि नारायणपूरवरून सासवड. म्हणजे शिरवळमध्ये घरी बसून 'तुंबाड' बघणारा माणूस त्या वाड्यापासून फार तर दीड तासावर असतो.

थेटरातल्या प्रेक्षकाचं मत शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत मोजलं जातं. घरच्या प्रेक्षकाचं मत वर्षानुवर्षं साचत राहतं. ते कसं बनतं आणि कसं वाचायचं, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

मत पिक्चरबद्दल, की कॅसेटबद्दल?

१९८२ च्या दिल्ली एशियाडच्या निमित्ताने देशात रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ व्हीसीआर. मशीन महाग, त्यामुळे विकत घेणारे थोडे, भाड्याने आणणारे जास्त. बारसं, सत्यनारायण, गणपती असं काही निमित्त निघालं की टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटा एका रात्रीसाठी आणायच्या. भाडं रात्रीचं असल्याने ते पूर्ण वसूल करायचं. पहिला पिक्चर सगळी आळी बघायची, दुसऱ्याला निम्मी झोपलेली आणि तिसरा बघायला फक्त जिद्दीची पोरं. त्या काळात एखादा पिक्चर 'बोअर' ठरला असेल, तर तो रात्री तीन वाजता लावला होता का, हे विचारायला हवं.

दुसरी जागा म्हणजे व्हिडिओ कोच. मुंबई-पुण्याहून सातारा, सांगली, कोल्हापूरकडे जाणाऱ्या खासगी गाड्यांमध्ये ड्रायव्हरच्या केबिनमागे टीव्ही असायचा. या सगळ्या गाड्या शिरवळवरूनच जायच्या. पूर्ण पिक्चर बघायला मिळायचा तो सांगली-कोल्हापूरच्या प्रवाशाला. स्वारगेटला बसून शिरवळला उतरणाऱ्याला इंटरव्हलसुद्धा नशिबात नसायचा. साधारण पन्नास किलोमीटरचा प्रवास, त्यात हिरो-हिरॉईनचं भांडण मिटेपर्यंत नीरेचा पूल यायचा. असे अर्धे बघितलेले आणि शेवट कधीच न कळलेले पिक्चर या पट्ट्यातल्या एका अख्ख्या पिढीकडे आहेत. त्यावर त्यांची मतं मात्र पूर्ण आहेत.

इथून एक गोष्ट सुरू झाली जी आजपर्यंत सुटलेली नाही. घरी बघणारा माणूस एकाच वेळी दोन गोष्टींवर मत देत असतो. एक म्हणजे पिक्चर आणि दुसरी म्हणजे त्याच्या हातात आलेली प्रत. बोलताना तो या दोन्हींची सरमिसळ करतो. 'फालतू आहे' म्हणजे कथा फालतू की प्रिंट फालतू, हे समोरच्याला कळत नाही.

प्रतीचा फरक किरकोळ नव्हता. सिनेमास्कोप पिक्चर जुन्या चौकोनी टीव्हीवर बसवताना दोन्ही बाजू कापल्या जायच्या. दोन माणसं समोरासमोर बोलत असली तर एकच दिसायचा. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमने शूट झालेला, आपल्या टीव्हीची पद्धत २५ फ्रेमची, त्यामुळे तीन तासांचा पिक्चर कॅसेटवर सुमारे सात मिनिटं आधीच संपायचा आणि गाण्यांचा सूर किंचित वर चढायचा. चोरट्या कॅसेटांवर तर गाणीच उडवलेली असायची आणि खालून साड्यांच्या दुकानाची जाहिरात सरकत जायची.

चोरीला आळा घालायला १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. व्हिडिओ कॅसेटवर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि हक्क कुणाचे हे छापणं सक्तीचं झालं. 'फक्त घरगुती वापरासाठी' ही पाटी लोक वाचून सोडून द्यायचे, पण तिच्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. १९८९ च्या गरवारे प्लास्टिक्स विरुद्ध टेलिलिंक या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की केबलवाल्याने घरोघरी कॅसेट दाखवणं म्हणजे लोकांसाठी प्रक्षेपण करणंच आहे. प्रेक्षक आपापल्या घरात बसलाय म्हणून तो खासगी कार्यक्रम होत नाही. केबलवाल्याचा दुपारचा पिक्चर आठवत असेल, तर हा निकाल त्याच्याबद्दलचा होता.

२८ रुपयांची व्हीसीडी

नव्वदच्या दशकाअखेरीस व्हीसीडी आली. एका डिस्कवर ७४ ते ८० मिनिटं मावायची, म्हणून मराठी पिक्चरला दोन डिस्क आणि लांबलचक हिंदी पिक्चरला तीन. चित्र व्हीएचएसच्याच तोडीचं, पण गुंडाळायची भानगड नाही आणि प्लेअर स्वस्त. ओरखडा पडला की डिस्क नेमकी क्लायमॅक्सला अडकायची. मग टूथपेस्ट चोळणं, बनियनने पुसणं वगैरे घरगुती उपचार. लायब्ररीतून आणलेल्या पाकिटात दुसरी डिस्क भलत्याच पिक्चरची निघाली, तर रविवार गेला.

२००७ च्या सुमाराला मोझर बेअर या कंपनीने मोठा फरक केला. ही कंपनी मूळची कोऱ्या सीडी बनवणारी. तिने पिक्चरचे हक्क घेऊन व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. अस्सल प्रत चोरट्या प्रतीच्या भावात मिळू लागली. त्यात मराठी पिक्चरही होते.

त्याच सुमारास मकरंद अनासपुरेंचे 'कायद्याचं बोला' (२००५), 'जाऊ तिथे खाऊ' (२००७), 'दे धक्का' (२००८), 'गल्लीत गोंधळ दिल्लीत मुजरा' (२००९) हे पिक्चर एकामागून एक आले. तालुक्याच्या गावात मराठी पिक्चरला थेटर मिळेल याची खात्री नसायची, डिस्क मात्र एसटी स्टँडबाहेर मिळायची. चोरीला गेलेल्या विहिरीची तक्रार घेऊन सरकारी ऑफिसात जाणारा शेतकरी पुण्या-मुंबईत विनोद म्हणून बघितला गेला असेल. पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला तो घरी बसून वेगळाच भिडला.

किंमत बदलली की मतही बदलतं. तिकीट, पेट्रोल आणि पॉपकॉर्नला हजार रुपये घालवलेला माणूस पिक्चरकडून हिशोब मागतो. २८ रुपये घातलेला माफ करतो, आणि महिन्याच्या रिचार्जबरोबर ॲप फुकट मिळालेला तर पंधराव्या मिनिटाला बंद करून दुसरं लावतो. त्यामुळे संथ सुरुवात असलेल्या पिक्चरचं घरी जास्त नुकसान होतं आणि तुकड्यातुकड्यांत बघता येणाऱ्या पिक्चरचं भलं होतं. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) कुठूनही लावला तरी चालतो. तो थेटरातही गाजलाच होता, पण आज त्यातले संवाद पाठ असणारी बहुतेक मंडळी तेव्हा जन्मलीही नव्हती. त्यांनी तो टीव्हीवर, डिस्कवर, यूट्यूबवर आणि मग मीममध्ये बघितला.

याच्या उलट उदाहरण 'द डिसायपल'. चैतन्य ताम्हाणेंचा हा मराठी पिक्चर २०२० च्या व्हेनिस फेस्टिव्हलमध्ये मुख्य स्पर्धेत होता आणि त्याला उत्तम पटकथेचं बक्षीस मिळालं. ख्याल गायकीत स्वतःला घासणाऱ्या एका तरुणाची गोष्ट. आपल्याकडे तो ३० एप्रिल २०२१ ला थेट नेटफ्लिक्सवर आला. कोविडची दुसरी लाट ऐन भरात होती. माईंचा आवाज देणाऱ्या सुमित्रा भावे त्याआधी अकराच दिवस गेल्या होत्या. कॅमेरा लांब, हलत नाही, मैफल चालू राहते. मोठ्या पडद्यावर यात डोळ्याला फिरायला जागा असते. सहा इंचाच्या स्क्रीनवर गवई अंगठ्याएवढा दिसतो आणि वरून व्हॉट्सॲपच्या सूचना टपकत राहतात. 'काहीच घडत नाही' ही अनेकांची तक्रार होती, आणि त्यांना खोटं ठरवायचं कारण नाही. त्यांना जे दिसलं त्यात खरंच काही घडत नव्हतं.

मग त्या आकड्यांचं काय?

पिक्चर लावण्याआधी आपण रेटिंग बघतो. पण प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट सांगतो आणि गडबड इथेच होते.

रॉटन टोमॅटोजवरचे टक्के म्हणजे मार्क नव्हेत. किती जणांना पिक्चर बरा वाटला, त्याचे ते टक्के. दहा जण 'ठीक आहे, एकदा बघा' म्हणाले तरी १०० टक्के, आणि दहातले सहा जण वेडे झाले, चौघांना आवडला नाही, तर ६०. म्हणजे कुणाचंच मन न दुखावणारा पिक्चर तिथे पुढे जातो आणि भांडण लावणारा चांगला पिक्चर मागे पडतो.

आयएमडीबीवर एक ते दहा असे मार्क दिले जातात, पण दिसणारा आकडा साधी सरासरी नसतो. साइट काही मतांना कमी-जास्त वजन देते आणि त्याचं नेमकं सूत्र मुद्दाम सांगत नाही, नाहीतर लोक टोळीने येऊन खेळ करतील. अशा टोळ्या खऱ्या आहेत. २०१९ मध्ये 'कॅप्टन मार्व्हल' यायच्या आधीच न बघितलेल्या पिक्चरवर शिव्यांचा पाऊस सुरू झाला, तेव्हा रॉटन टोमॅटोजने प्रदर्शनाआधीच्या प्रतिक्रिया बंदच केल्या.

नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये पाच तारे काढून अंगठा आणला. तिथे 'तुमच्याशी अमुक टक्के जुळतं' असं दिसायचं, ते लोकांचं मत नव्हतंच. तुम्ही आधी काय बघितलं, त्यावरून बांधलेला तो अंदाज होता. चुलत्याच्या मोबाईलवर त्याच पिक्चरला वेगळा आकडा दिसायचा.

ऑनलाइन दुकानात डीव्हीडीखालचे अभिप्राय वाचणार असाल तर आणखी एक खोच आहे. तिथे बऱ्याचदा कॅसेट, डीव्हीडी, ब्लू-रे अशा सगळ्या आवृत्त्यांचे अभिप्राय एकाच जागी जमा केलेले असतात. एक स्टार देणाऱ्याची तक्रार फुटलेल्या डबीची असते आणि पाच स्टार देणारा लहानपणीच्या आठवणीत रमलेला असतो. मध्यम मताचा माणूस मुळात लिहायलाच बसत नाही. म्हणून एक आणि पाच बाजूला ठेवून तीन स्टारवाल्यांचं वाचावं, त्यात सहसा कारण दिलेलं असतं.

सिरीयलचा प्रेक्षक वेगळा

सिरीयलचं मत मोजायला टीआरपी असतो असं धरलं जातं. पण देशभरात पन्नास हजारांच्या आसपास घरांत बसवलेली मीटरं फक्त टीव्हीवर काय चालू होतं एवढं नोंदवतात. बघणारा प्रेमाने बघत होता, की चिडून, की कुकरच्या शिट्ट्या मोजत, हे मीटरला कळत नाही.

'लागिरं झालं जी' (२०१७ ते २०१९) साताऱ्याची. फौजेत जायची धडपड करणारा अज्या आणि शितली. ज्या जिल्ह्यात अपशिंगे गावाला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात, तिथला प्रेक्षक या सिरीयलमध्ये प्रेमकथेबरोबर आणखीही काही तपासणार: भरतीची पळापळ खरी वाटते का, आई पोराला कशी हाक मारते, 'ळ' नीट लागतो का. बाहेरच्याला जी बोली गोड वाटते, ती इथल्या माणसाला एका शब्दाने खटकू शकते. 'देवमाणूस' (२०२०) वाईतल्या २०१६ साली उघड झालेल्या हत्याकांडावर बेतलेली म्हणून गाजली. पुण्या-नागपुरात ती थ्रिलर होती. वाई शिरवळपासून डोंगरापलीकडे, खंबाटकी उतरलं की आलीच. ज्यांच्या शेजारगावात खरी माणसं गेली, त्यांच्यातल्या एखाद्याने 'हे बघवत नाही' म्हणून चॅनल बदललं, तर मीटर त्याला नापसंती एवढंच समजतं.

आता या मालिका ॲपवर सलग बघता येतात आणि त्यावर नवी मतं उमटतात. रोज रात्री अर्धा तास बघणाऱ्याला जे ताणलेलं वाटलं नाही, ते एका दमात वीस भाग बघणाऱ्याला असह्य होतं. प्रत्येक धक्क्यानंतर तीन वेळा फिरणारा कॅमेरा एका भागात खपून जातो, विसाव्या भागात हसू आणतो.

आणि प्रतीचा जुना प्रश्न संपलेला नाहीच. आज टेलिग्रामवर थेटरात चोरून काढलेली प्रिंट येते, मधून माणसांची डोकी जातात, आवाज विहिरीतून आल्यासारखा. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने असं रेकॉर्डिंग करणाऱ्याला किमान तीन महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद ठेवली आहे. दंड तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तरी शुक्रवारी संध्याकाळी ग्रुपवर 'बघितला, काही खास नाही' असा मेसेज येतोच. त्याला एवढंच विचारायचं असतं: कुठं बघितलास?