पागेतला दिवा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वर्गात मी मराठ्यांच्या सीमोल्लंघनाची हकिकत रंगवून सांगत होतो. खिंकाळणारी घोडी, उडणारा धुरळा, फडफडणारे झेंडे. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला असल्या वर्णनात तोटा तो कसला! इतक्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "गुरुजी, घोडी दसऱ्याला बाहेर पडली, मग पावसाळाभर ती होती कुठे?"

मी निरुत्तर झालो. माझ्या कादंबऱ्यांतून मी शेकडो घोडी दौडवली असतील, पण एकालाही रात्री बांधायला जागा दिलेली नव्हती. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

घोडा दिसायला दणकट, पण राखायला नाजूक. ओलीत फार दिवस उभा राहिला तर त्याचा खूर मऊ पडून कुजू लागतो. कोंदट तबेल्यात मुताच्या उग्र वाफेने त्याची छाती बिघडते. उभ्याउभ्या तो डुलकी घेतो खरा, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ तरी आडवे व्हावेच लागते. आणि जागा अरुंद असली तर लोळताना पाय भिंतीशी अडकून त्याला उठता येत नाही. कोरडी जमीन, खेळती हवा आणि ऐसपैस जागा, एवढे त्याचे मागणे.

हे आपल्याकडे फार पूर्वी ओळखले होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे एक प्रकरणच आहे. प्रत्येक घोड्याला त्याच्या लांबीइतकी चौरस जागा, पायाखाली गुळगुळीत फळ्या, चाऱ्यासाठी कोठा, मलमूत्र निघून जाण्यास वाट आणि तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, अशी तेथे व्यवस्था सांगितली आहे. मधोमध लोळण्यास मोकळी जागा हवी. घोड्या, नर घोडे आणि शिंगरे निरनिराळी हवीत. अश्वशाळेत माकड, मोर, पोपट, मैना आणि मुंगूस असावे, असेही तो सांगतो. मुंगसाचे कारण सापांच्या या देशात कोणाला समजावून सांगायला नको!

पण ही झाली स्थिरावलेल्या राजाची अश्वशाळा. शिवाजी महाराजांचे राज्य उभे राहत होते ते मोहिमांवर. सभासदाने बखरीत लिहून ठेवले आहे की, लष्कराने पावसाळ्यात छावणीस आपल्या मुलखात यावे. माणसांसाठी आणि घोड्यांसाठी घरे गवताने शाकारून, दाणा व औषधे आधीच तयार असावीत. आणि दसरा होताच कूच करावे. पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी नेमलेला असे. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर हे असे बखरीत होते.

आता विचार करा. कोकणातला पाऊस, गवताचे छप्पर, एकाला एक लागून खण आणि शेजारीच वाळल्या गवताचा साठा. तेथे घोड्याचा खरा वैरी पाऊस नव्हे, विस्तव! १६७४ च्या राज्याभिषेकाच्या आगेमागे महाराजांनी चिपळूण तालुक्यातल्या छावणीच्या जुमलेदार-हवालदारांना पाठविलेल्या पत्रात नेमकी हीच धास्ती आहे. कोणी कुठेही चूल मांडेल, आगटी पेटवील, कोणी गवताजवळ तंबाखू ओढील; वारा आहे हे कोणाच्या ध्यानात येणार नाही. रात्री दिवा जळता राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. एक खण पेटला की सारे पेटतील. मग भर पावसात कुणब्यांच्या माना मारल्या तरी नवा खण बांधायला लाकूड मिळणार नाही.

दाण्याचेही तेच. साठा आताच उधळलात तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि त्यांना तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरांत शिराल. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. आणि त्या गरिबांना वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरे!

राज्य सांभाळणाऱ्या पुरुषाने उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करावा, हे वाचून मी थक्क झालो. पागेतला दिवा आणि कुणब्याची चूल यांचा धागा त्यांनी बरोबर ओळखला होता: इकडे निष्काळजीपणा झाला की तिकडे रयतेच्या तोंडचा घास जातो. आजही तबेला बांधताना गवताचा साठा दूर ठेवा, आत विडी ओढू नका, उघडा दिवा ठेवू नका, असेच जाणते सांगतात.

सुट्टीनंतर हे सारे मी त्या मुलाला सांगणार आहे. आणि पुढच्या कादंबरीत दौडीआधी घोड्याला कोरडी जागा द्यायची, हे मी मनाशी ठरवले आहे.