सुरतेच्या पोथीची चार पाने

प्रवेशाचे दिवस आले की विद्यापीठांच्या जाहिराती झळकू लागतात. परकीय भाषा शिका, नोकरी मिळवा, परदेशी जा. आपल्या गोव्यात तर पोर्तुगीज शिकतो म्हटले की समोरचा आधी पासपोर्टचेच विचारतो.

ही रीत जुनीच. १७७१ साली ऑक्सफर्डच्या विल्यम जोन्सने फारसीचे व्याकरण छापले. प्रस्तावनेत सूर हाच: कंपनीच्या नोकरांना फारसी पत्रे वाचता येत नाहीत, एतद्देशीय दुभाष्यांवर भरवसा नाही, म्हणून फारसी हवी. त्याआधी वॉरन हेस्टिंग्जने ऑक्सफर्डला फारसीचे अध्यासन सुचवले होते, ते बारगळले.

त्याच ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात 'वेंदिदाद' या पारशी धर्मग्रंथाची एक पोथी साखळीने बांधून ठेवलेली होती. ती सुरतेच्या पारशांकडून आलेली, भाषा अवेस्ता. वाचणारा तिथे कोणीच नव्हता. तिच्या चार पानांची नक्कल १७५४ साली पॅरिसमध्ये आंकेतील द्युपेराँ या तरुणाने पाहिली, आणि हा पठ्ठ्या फ्रेंच कंपनीच्या फौजेत साधा शिपाई म्हणून भरती झाला! ध्यास एकच, हिंदुस्थान गाठायचे. माहेहून आपल्या गोव्यात, पुढे घाट चढून मराठी मुलखातून, वेरूळची लेणी पाहत तो १७५८ मध्ये सुरतेला पोचला.

तिथे गुरू मिळाले दस्तूर दाराब कुमाना. दोघांमध्ये बोलणे फारसीतून. परक्याला धर्मग्रंथ शिकवायचा म्हणजे दस्तुरांची कुचंबणाच. त्यांनी आधी अपुरी नक्कल दिली. द्युपेराँने पारशांच्या विरोधी गटातून दुसरी प्रत मिळवून ताडून पाहिली, तेव्हा कुठे शिकवणी रुळावर आली. दस्तुरांना दोष द्यावासा मला वाटत नाही.

१७६२ साली तो सुमारे १८० हस्तलिखिते घेऊन पॅरिसला परतला. त्याचा 'झेंद-अवेस्ता'चा अनुवाद निघाला १७७१ मध्येच, जोन्सच्या व्याकरणाच्या साली. ऑक्सफर्डच्या पंडितांना त्याने नावे ठेवली होती, म्हणून जोन्सने फ्रेंचमध्ये पत्रक काढून त्याची यथेच्छ टर उडवली. अवेस्ता अस्सल आहे आणि संस्कृतची जवळची नातलग आहे, हे १८२६ साली डेन्मार्कच्या रास्कने दाखवून दिले. तोही मुंबईत पारशांमध्ये राहून गेलेला.

आपल्या गोव्याच्या पुराभिलेखागारात, १५९५ साली दियोगु दो कौतोने ज्याची सुरुवात केली तिथे, असली पाने ढिगांनी आहेत, पोर्तुगीजमधली आणि मोडीतली मराठीसुद्धा. पुढच्या प्रवेशाच्या जाहिरातीत त्यातले एखादे पान, अर्थ न देता, छापून पाहावे असे मला फार वाटते.