सावलीतली मुदत ठेव

"अहो, तिथं ऊनच येत नाही, तिथं काय फुलणार कपाळ?" झाडाखालच्या जागेबद्दल हा निकाल आपल्याकडे कुणीही देतो. आमच्या बँकेतला शिपाईसुद्धा देतो, आणि त्याच्याकडे तर कुंडीही नाही! अशा मंडळींना मी विल्यम रॉबिन्सनची हकिगत ऐकवतो.

हा गृहस्थ १८३८ साली आयर्लंडमध्ये जन्मला. पोरवयातच बागकामाला लागला आणि १८६१ मध्ये लंडनला आला. त्या काळच्या साहेबी बागा म्हणजे भूमितीचा तास! काचघरात वाढवलेली रोपं आणायची, गोल-चौकोनी वाफ्यांत रांगेनं उभी करायची आणि हंगाम सरला की उपटून टाकायची. थोडक्यात, सगळे हंगामी कर्मचारी. कायम कुणीच नाही.

रॉबिन्सनचं या प्रकारावरून डोकं फिरलं. १८७० साली त्यानं 'द वाइल्ड गार्डन' हे पुस्तक लिहिलं. म्हणणं साधं होतं : काटक झाडं अशा जागी लावा, की मागाहून त्यांची सरबराई करावी लागू नये. रानातली, झाडांखालची जागाही त्यात आली.

आता उन्हाचं काय? तर गंमत अशी, की विलायतेतली पानझडी झाडं हिवाळ्यात उघडीबोडकी असतात. त्यांना पालवी फुटेपर्यंत ऊन थेट जमिनीवर पोचतं. तेवढ्या वेळात स्नोड्रॉप, नर्गिस, ब्लूबेल ही मंडळी कंदातून वर येतात, फुलतात आणि पानांनी ऊन गोळा करून कंदात भरतात. पुढे वर पानांचं छप्पर दाट झालं, की खाली काउंटर बंद! उरलेलं वर्ष जमिनीखाली झोप. म्हणूनच फुलं गेल्यावर पानं बावळट दिसली, तरी पिवळी पडेपर्यंत ती कापायची नसतात. पुढच्या वर्षाचा भरणा तीच करत असतात. मुदतीआधी ठेव मोडली, तर व्याज कुठून मिळणार?

लेखनावर या माणसानं इतके पैसे मिळवले, की १८८४ साली ससेक्समधला ग्रेव्हटाय हा १५९८ सालचा वाडा विकत घेतला. वय शेहेचाळिशीच्या आसपास. (त्या वयात आमचे घरकर्जाचे हप्ते चालू असतात, असो.) तिथल्या हेझल आणि चेस्टनटच्या राईत त्यानं सायक्लामेन, सिला, नर्गिस यांचे कंद वर्षानुवर्षं पेरले. १८९७ साली तर एका तळ्याकाठी एक लाख नर्गिस लावले! उतारवयात पाय गेले, तेव्हा चाकांच्या खुर्चीत बसून, पिशवीतल्या बिया आणि कंद वाटेनं उधळत तो बागेतून हिंडायचा.

मला कौतुक वाटतं ते या खुर्चीतल्या म्हाताऱ्याचं. बियांपासून या कंदांना फुलं यायला तीन-चार वर्षं सहज लागतात. ऐंशी-नव्वदीच्या माणसाला एवढ्या मुदतीची ठेव ठेवताना पाहिलं, तर आमचा मॅनेजरसुद्धा चष्मा पुसून फॉर्म पुन्हा वाचेल. त्यात बायको नाही, मूलबाळ नाही. नॉमिनीचा रकाना कोरा. १९३५ मध्ये तो गेला, जागा सरकारी वनखात्याकडे गेली, पुढे वाड्यात हॉटेल निघालं.

आमच्याकडे दहा वर्षं खात्याकडे कुणी फिरकलं नाही, की ती ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. ग्रेव्हटायच्या झाडांखाली मात्र वसंतात अजून फुलं येतात. आणि व्याज घ्यायला येणाऱ्याची सही कुणी तपासत नाही.