एरंडाचे गुऱ्हाळ

लांबलेल्या, निष्फळ बोलण्याला लावायचा थट्टेचा वाक्प्रचार. गुऱ्हाळात उसाचा रस काढून काहिलीत आटवतात. मळी काढता काढता गूळ उतरतो. एरंडाच्या बियांना तेल असते, पण त्याचे पोकळ दांडे चरकात घातले तर बैल दमतील आणि काहील कोरडीच राहील. खानदेशात दोन्ही पिके ओळखीची असल्याने थट्टा समजावून सांगावी लागत नाही. अंजनी नदीकाठचे एरंडोल एकेकाळी हातकागदासाठी नावाजलेले होते. या वाक्प्रचाराशी त्याचे नाते नामसाम्यापुरतेच.

‘दोनच शब्द बोलतो’ म्हणून उठलेला पाहुणा तासाभराने आजोबांच्या काळात शिरला, की मागच्या रांगेतून हा शेरा हमखास येतो. वृत्तपत्रांनी मात्र एरंड वगळून ‘चर्चेचे गुऱ्हाळ’ रूढ केले आहे. हा गुळावर अन्यायच, कारण खऱ्या गुऱ्हाळातून काहीतरी हाती लागते.

याच्या जवळचा जुना अमेरिकन शब्द म्हणजे ‘बंकम’, अर्थात पोकळ बडबड. नॉर्थ कॅरोलिनातील बंकम परगण्याचे प्रतिनिधी फेलिक्स वॉकर 1820 मध्ये मिसूरीवरील वादात भाषणाला उभे राहिले. मतदानाची घाई झालेले सदस्य ओरडू लागले, तरी ते हटेनात. आपल्याला बंकमसाठी बोलायचेच आहे, असे त्यांचे म्हणणे. परगण्याचे नाव कायमचे थट्टेत गेले. पुढे त्याचेच आखूड रूप ‘बंक’ झाले आणि त्यावरून 1923 मध्ये विल्यम वुडवर्ड यांनी भंडाफोड करणे या अर्थी ‘डीबंक’ हे क्रियापद घडवले.