काचेतला झाडबेडूक: शिडीपासून नेच्यांपर्यंत

मध्य युरोपातील झाडबेडूक, ज्याचे शास्त्रीय नाव हायला आर्बोरिया असे आहे, हा जेमतेम चार-पाच सेंटीमीटर लांबीचा हिरवा प्राणी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत जर्मन भाषक प्रदेशांतील कित्येक घरांच्या खिडकीत ठेवलेला दिसे. त्याला पाळण्यामागे कौतुक होतेच, परंतु त्याहून मोठा भाग उपयोगाच्या अपेक्षेचा होता, कारण हा बेडूक हवामानाचा अंदाज सांगतो अशी दृढ समजूत होती. उंच काचेच्या बरणीत तळाशी थोडे पाणी घालायचे, त्यात एक लहानशी लाकडी शिडी उभी करायची, तोंडाला जाळीदार कापड किंवा भोके पाडलेला कागद बांधायचा आणि आत एक बेडूक सोडायचा, एवढीच ती व्यवस्था असे. बेडूक शिडीच्या वरच्या पायरीवर जाऊन बसला तर हवा उघडी राहणार आणि तो खाली पाण्यात उतरला तर पाऊस येणार, असे मानले जाई.

या समजुतीला निरीक्षणाचा थोडा आधार होता. हा बेडूक झाडाझुडपांवर चढतो, कारण त्याच्या बोटांच्या टोकांना चिकटून राहणाऱ्या गोल चकत्या असतात. उन्हाच्या दिवसांत तापलेल्या हवेबरोबर कीटकही उंचावर उडतात, तेव्हा त्यांच्या मागे बेडूक वर जाणे स्वाभाविक ठरते. बरणीत मात्र उडणारे कीटक नसत, वारा नसे आणि वर-खाली जाण्याला त्या दृष्टीने काही अर्थही उरत नसे. रानातल्या प्राण्याचे एक वर्तन त्याच्या कारणांपासून तोडून काचेत आणले गेले होते. प्राण्यांकडून हवामान जाणून घेण्याची ही हौस केवळ जर्मनीची नव्हती. इंग्लंडमधील व्हिटबी येथील डॉक्टर जॉर्ज मेरीवेदर याने 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात एक यंत्र मांडले होते, ज्यात बारा बाटल्यांतील बारा जळवा वादळापूर्वी वर चढून घंटा वाजवतील अशी योजना होती.

बरणीतल्या बेडकाचे हाल कशामुळे होत, हे समजण्यासाठी त्याच्या कातडीचा विचार करावा लागतो. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या आणि मांड्यांच्या खालच्या पातळ कातडीतून तो पाणी शोषून घेतो आणि श्वसनाचा काही भागही कातडीतूनच चालतो. साहजिकच ज्या पाण्यात तो बसतो त्याच पाण्यात त्याची विष्ठा व मूत्र साचले, तर त्यातील विषारी घटक पुन्हा त्याच्या शरीरात जातात. त्यातच खिडकीतल्या उन्हाने बंद बरणी भराभर तापे, हिवाळ्यात माशा मिळत नसत आणि उबदार खोलीत त्याची शीतनिद्रा, म्हणजे थंडीचे महिने जमिनीच्या आश्रयाने निपचित काढण्याची त्याची नैसर्गिक रीत, मोडून जाई.

बेडकाच्या आयुष्याचे ज्ञान त्या काळी अगदीच नव्हते असेही नाही. न्यूरेंबर्ग येथील ऑगस्ट योहान र‍्यॉझेल फॉन रोझेनहोफ हा व्यवसायाने लघुचित्रकार. त्याने 1753 ते 1758 या काळात तेथील बेडकांवरचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, ज्यात अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंतच्या अवस्था रंगीत चित्रांतून दाखवल्या आहेत. प्राण्याचे आयुष्य त्याच्या सर्व अवस्थांसह पाहावे, ही दृष्टी त्या चित्रांत स्पष्ट दिसते. मात्र असा ग्रंथ महाग होता आणि बरणी स्वस्त.

या बरणीला खरा पर्याय मिळाला तो प्राण्यांच्या अभ्यासकांकडून नव्हे, तर वनस्पतींच्या वेडाने झपाटलेल्या एका वैद्याकडून. नथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड लंडनच्या पूर्व भागात राहत होता आणि कोळशाच्या धुराने त्याच्या बागेतील नेचे, म्हणजे फर्न, मरत असत. 1829 मध्ये त्याने एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह झाकणाच्या बाटलीत ठेवला असता, त्या मातीतून नेच्याचे आणि गवताचे रोप उगवून आले. दिवसा मातीतले पाणी वाफ होऊन काचेवर जमे, पुन्हा खाली उतरे आणि बाहेरून पाणी न घालताही बाटलीतला ओलावा टिकून राही, हे त्याने बारकाईने टिपले. 1833 मध्ये त्याने अशा काचपेट्या रोपांसह सिडनीला पाठवल्या आणि अनेक महिन्यांचा समुद्रप्रवास करून रोपे जिवंत पोहोचली. 1842 मध्ये त्याने या विषयावर पुस्तक लिहिले. पुढे याच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधील चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणली, तर दक्षिण अमेरिकेतील सिंकोना, ज्याच्या सालीपासून हिवतापावरचे क्विनाइन मिळते, निलगिरीत आणताना त्यांचाच उपयोग झाला. साम्राज्याच्या व्यापाराला उपयोगी पडलेली ही पेटी घराघरांतील दिवाणखान्यांतही पोहोचली, याला एक आर्थिक कारणही होते: ब्रिटनमध्ये काचेवरील कर 1845 मध्ये रद्द झाला आणि काच स्वस्त झाली.

पेटीत एकदा माती, शेवाळ आणि नेचे आले की त्यात प्राणी सोडण्याची कल्पना दूर नव्हती. 1850 च्या दशकात फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने इंग्लंडमध्ये, तर एमिल आडोल्फ रोसमेस्लर याच्या लेखनाने जर्मनीत जलपेटीचा छंद लोकप्रिय केला. पाण्यातील वनस्पती आणि मासे एकमेकांना कसे पूरक ठरतात, हे या लेखकांनी सामान्य वाचकाला समजावून दिले. जमिनीवरच्या प्राण्यांसाठी हेच काम योहान फॉन फिशर याने 1884 मध्ये केले. टेरॅरियम, म्हणजे जमिनीवरच्या प्राण्या-वनस्पतींची काचपेटी, या विषयावरील त्याच्या जर्मन ग्रंथाच्या शीर्षकातच आधी लागवड आणि मग रहिवासी असा क्रम आहे, आणि तो क्रम या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा बदल सांगतो, असे म्हणणे योग्य ठरेल. इंग्रजीत ग्रेगरी बेटमन याचे अशाच विषयावरील मार्गदर्शक पुस्तक 1897 मध्ये आले.

लागवडीच्या पेटीत बेडकाचे शरीर पुन्हा त्याच्या सवयींशी जुळते. तळाशी खड्यांचा थर असल्याने जास्तीचे पाणी मुळांपाशी न साचता खाली उतरते. त्यावरची माती आणि पालापाचोळा विष्ठेचे विघटन करतो. रुंद पानांवर तो दिवसभर पाय पोटाखाली दुमडून, डोळे मिटून बसतो आणि अंधार पडल्यावर पानामागून पान ओलांडत शिकारीला निघतो. अशा पेटीत त्याला पाहण्यासाठी पाळणाऱ्याला संध्याकाळपर्यंत थांबावे लागते, आणि बेडूक कुठे बसला आहे हे शोधतानाच त्याच्या आयुष्याचा क्रम कळत जातो. शिडीच्या बरणीने ही संधी कधीच दिली नव्हती.

विसाव्या शतकात विजेचे दिवे, उष्णता नियंत्रित ठेवणारी साधने आणि विमानवाहतूक यांमुळे उष्ण प्रदेशांतील जाती युरोप-अमेरिकेतील घरांत आल्या. त्यांतील ऑस्ट्रेलियाचा हिरवा झाडबेडूक सर्वाधिक रुळला. पहिल्या ब्रिटिश ताफ्याबरोबर 1788 मध्ये सिडनीला गेलेला शल्यचिकित्सक जॉन व्हाइट याच्या 1790 मधील पुस्तकात त्याची नोंद निळा बेडूक अशी आहे. बेडकाचा हिरवा रंग कातडीतील पिवळ्या रंगद्रव्याचा थर आणि त्याखालच्या, निळा प्रकाश परावर्तित करणाऱ्या पेशी यांच्या मिलाफातून तयार होतो. मद्यार्कात जतन केल्यावर पिवळे द्रव्य विरघळून गेले आणि उरलेल्या निळ्या रंगावरून नाव पडले. आजही त्याचे शास्त्रीय नाव निळेपणाचेच आहे. हा बेडूक त्याच्या मूळ देशात घरांच्या न्हाणीघरांत आणि पाण्याच्या टाक्यांत आपणहून शिरतो, शरीराने मोठा व शांत असतो आणि हवेतील कोरडेपणा इतर अनेक जातींपेक्षा अधिक सोसतो, म्हणून नवख्या पाळणाऱ्यांनी त्याला पसंत केले.

या प्रसाराची गडद बाजूही आहे. बेडकांच्या कातडीवर वाढून त्यांचे क्षारसंतुलन बिघडवणारी कायट्रिड नावाची बुरशी शास्त्रज्ञांनी 1999 मध्ये नावानिशी वर्णन केली, आणि जिवंत बेडकांचा जागतिक व्यापार तिच्या प्रसाराचे एक प्रमुख साधन ठरला. त्यामुळे रानातून पकडलेल्या बेडकांऐवजी बंदिवासात जन्मलेले बेडूक घेणे, नवा बेडूक काही आठवडे वेगळा ठेवणे आणि पेटीतले पाणी निर्जंतुक केल्याशिवाय बाहेर न सोडणे या गोष्टी जाणकार पाळणाऱ्यांत शिस्तीचा भाग बनल्या. ज्या युरोपीय झाडबेडकापासून हा सारा छंद सुरू झाला, त्याच्या डबक्यांची जागा दरम्यान शेतीने आणि रस्त्यांनी घेतली. 1979 च्या बर्न कराराने त्याला कडक संरक्षण दिले आणि 1992 मध्ये युरोपीय संघाच्या अधिवास निर्देशानेही त्याला रानातून पकडण्यास मनाई केली. जर्मनीत आता त्याच्यासाठी उथळ, उन्हातली तळी मुद्दाम खोदली जातात आणि त्यांच्या काठी काटेरी झुडपे राखली जातात, कारण दिवसा त्याला बसायला पाने हवी असतात.